बंदूकवाला नको जी

त्यांचं नाव लिहीत नाही. गावाचं नाही, गावाजवळच्या नदीचंही नाही. गडचिरोलीकडे नदीवरून गाव सापडतं आणि गावावरून माणूस. तर त्यांना भाऊ म्हणू. मीही तसंच म्हणायची, ते मला ताई म्हणायचे.

२०२४ च्या पावसाळ्यात ते नागपूरला आले, पण गणेशपेठच्या स्टँडवर उतरलेच नाहीत. उमरेड रोडनं एसटी शहरात शिरते, तिथं दिघोरीलाच उतरून चालत माझ्या दारात. चिखलानं भरलेल्या चपला, हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत बारीक कापलेले वास्ते, म्हणजे बांबूचे कोंब. म्हटलं, स्टँडपर्यंत यायचं ना, मी गाडी घेऊन आले असते. "स्टँडवर कोनी पाह्यलं तं?" नागपूरच्या स्टँडवर तुम्हाला कोण ओळखणार, असं तोंडावर आलं होतं. चार दिवसांनी तसं वाटेनासं झालं.

मी वकील नाही. सिव्हिल लाइन्समधल्या वकिलांसाठी टायपिंग करते, कागद इकडच्या भाषेतून तिकडच्या भाषेत करते. गोंडाच्या घरची आहे, पण माझी गोंडी आजीनं जेवढी कानात घातली तेवढीच. भाऊ माडिया. त्यांचं अर्धं मला कळायचं, माझं अर्धं त्यांना, आणि उरलेलं मराठीत. मी हे लिहिते आहे ते त्यांच्या 'संरक्षणाच्या अर्जा'चं काय झालं ते सांगायला. अर्ज एक होता, त्याचे एकोणीस झाले.

आधी प्रकरण थोडक्यात. गावाला सामूहिक वनहक्काचा पट्टा मिळालेला. वनहक्क कायदा २००६ चा. त्यात देशात पहिल्यांदा असा हक्क मिळाला तो आमच्याच जिल्ह्यातल्या मेंढा-लेखाला, २००९ मध्ये. त्यानंतर कितीतरी गावांनी तेंदू आणि बांबू स्वतः विकायला घेतला. या गावानंही घेतला. मग एका कामाला गावाची 'ना हरकत' लागत होती आणि गाव ती देत नव्हतं. एक दिवस कळलं की ग्रामसभेचा ठराव झालाय म्हणे. प्रत काढून पाहिली तर कोरम पूर्ण, बायकांची संख्या नियमाप्रमाणे एक तृतीयांशाच्या वर, सगळं कसं चोख. फक्त जिनं जन्मभर अंगठा लावला त्या म्हातारीची वळणदार सही होती, आणि तिच्याखाली दोन वर्षांपूर्वी वारलेल्या तिच्या नवऱ्याची. भाऊ गावाच्या वनहक्क समितीचे सचिव. खरं ठरावबुक त्यांच्याच घरच्या पेटीत. 'या सह्या आमच्या नाहीत' हा जबाब त्यांनी दिला. गुन्हा दाखल झाला, बनावट कागदाचा आणि ॲट्रॉसिटीचाही. आदिवासींच्या वनहक्काच्या उपभोगात आडकाठी आणणं हा २०१६ पासून त्या कायद्यात गुन्हा आहे, हे आमच्याकडे अजून फार कुणाला ठाऊक नाही. फिर्यादी अध्यक्षबाई, मुख्य साक्षीदार भाऊ. आणि मग सुरू झालं.

वकील मॅडमनी पहिल्याच दिवशी मला सांगितलं, आधी घटनाक्रम कर. तारीख, वेळ, ठिकाण, कोण काय बोललं. तासाभराचं काम वाटलं होतं. तीन रात्री गेल्या.

भाऊंना सगळं आठवत होतं, तारीख सोडून. पहिल्यांदा दोघं मोटारसायकलवर आले ते "मोहाच्या दिवसात". घरासमोरच्या कुंपणाला कुणी आग लावली तेव्हा "फळी सुरू होती", म्हणजे तेंदूची. असे दिवस अर्जात चालत नाहीत. सगळ्यात महत्त्वाची घटना आठवडी बाजारातली. तिथं एक अनोळखी माणूस त्यांच्याजवळ येऊन उभा राहिला, तंबाखू मागितली आणि म्हणाला, "पोरगा आश्रमशाळेत हाय ना तुहा? सुट्टीत आनाले कोन जाते?" एवढंच. तंबाखू घेतली, गेला.

ही तारीख हवीच होती. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाकडे घटनेनंतर वर्षाच्या आत तक्रार जावी लागते, वर्ष उलटलं की आयोगाला चौकशी करता येत नाही. आयोगात मानवाधिकार रक्षकांसाठी, म्हणजे दुसऱ्यांच्या हक्कांसाठी उभं राहिल्यामुळे धोक्यात आलेल्यांसाठी, वेगळा 'फोकल पॉइंट' आहे, तिथं आम्हाला जायचं होतं. भाऊ म्हणाले, बाजारात बैलांच्या झुली आणि घुंगरं मांडलेली होती, म्हणजे पोळा तोंडावर होता. माझ्या पोटात गोळा आला. पोळा बऱ्याचदा ऑगस्टमध्ये येतो, आणि आम्ही बसलो होतो ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात. वर्ष गेलंच म्हणायचं.

मग आठवलं की मागच्या वर्षी अधिक श्रावण होता. मागच्या वर्षीचं कॅलेंडर कुठून आणायचं? सासूबाई म्हणाल्या, डब्यांखाली बघ. स्वयंपाकघरातल्या मांडणीवर २०२३ ची पानं त्यांनीच अंथरली होती. हळदीचा डबा उचलला, सप्टेंबर निघाला. पोळा १४ तारखेला, गुरुवारी. बाजार बुधवारचा. १३ सप्टेंबर. पिवळ्या डागातली ती तारीख मी बोटानं भाऊंना दाखवली. ते म्हणाले, "हाव, हेच." आमच्या हातात जेमतेम दोन आठवडे उरले होते.

दुसरी अडचण शब्दांची. मी सवयीनं टाइप केलं होतं, 'अर्जदारास जिवे मारण्याची धमकी देण्यात आली.' मॅडमनी ते वाक्य खोडलं. म्हणाल्या, असं कुणी म्हणालं का? भाऊ म्हणाले, नाही. मग तो जे बोलला तेच लिही, त्याच्या शब्दांत, तंबाखूसकट. माझा आक्षेप होता की नुसतं 'सुट्टीत आणायला कोण जातो' वाचून साहेब म्हणतील, यात काय आहे? त्या म्हणाल्या, म्हणूनच खाली लिही की मुलगा कुठल्या शाळेत आहे हे त्या माणसाला माहीत असायचं कारण नव्हतं, आणि त्या दिवाळीत मुलाला सुट्टीत घरी आणलंच नाही. धमकी अशीच असते, सभ्य. 'जिवे मारण्याची' असं छापील वाक्य शंभर अर्जांत असतं. तंबाखू एकातच असेल.

आयोगाकडे तक्रारीला फी लागत नाही आणि आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत ती करता येते. म्हणजे मराठीत चालते, संथाली आणि बोडोतही चालते, गोंडीत नाही. लाखो लोक जी भाषा बोलतात ती त्या यादीत नाही. नागपूर शहर गोंड राजा बख्त बुलंदनं वसवलं असं शाळेत शिकवतात, तेवढ्यावर समाधान मानायचं. मी मराठीत केली, सोबत इंग्रजी जोडलं. एक चूक होता होता राहिली. जास्त ठिकाणी जितके अर्ज तितकं बरं या हिशेबानं मी तीच तक्रार राज्य आयोगासाठीही तयार ठेवली होती. मॅडमच्या टेबलावर दोन्ही पाकिटं दिसली आणि त्या ओरडल्याच. राज्य आयोगापुढे प्रकरण असलं तर राष्ट्रीय आयोग त्यात हात घालत नाही, कायद्यातच तसं आहे. एक पाकीट फाडलं. ऑनलाइन तक्रार गेली, डायरी नंबर आला, पुढे केस नंबर आला आणि पोलिसांकडून अहवाल मागवल्याचं कळलं. तो कागद भाऊंनी चार घड्या घालून पाकिटात ठेवला.

पण आयोगाचा कागद म्हणजे दाराला कडी नव्हे. रोजच्या जगण्याला संरक्षण हवं असेल तर साक्षीदार संरक्षणाचा अर्ज. सर्वोच्च न्यायालयानं ५ डिसेंबर २०१८ ला, महेंद्र चावला प्रकरणात, देशभरासाठी योजना लागू केली. महाराष्ट्राचा २०१७ चा स्वतःचा कायदाही होता. मॅडमनी दोन्हींचा आधार घेतला, शिवाय ॲट्रॉसिटी कायद्यातलं कलम १५-अ, ज्यात पीडितांना आणि साक्षीदारांना संरक्षण देणं हे सरकारचं कर्तव्यच ठरवलंय. तेव्हा नवे फौजदारी कायदे लागू होऊन दोन महिनेही झाले नव्हते. गुन्हा जुन्या कायद्याखाली, अर्ज नव्या कायद्याच्या काळात. चेंबरच्या भिंतीवर जुन्या कलमाचं नवं कलम सांगणारा लॅमिनेट केलेला तक्ता लावला होता, आणि कुणीही बोलता बोलता मान वळवून तो बघून घ्यायचं.

योजनेत प्रत्येक जिल्ह्यात समिती असते. जिल्हा न्यायाधीश अध्यक्ष, जिल्ह्याचे पोलीसप्रमुख सदस्य, अभियोग विभागाचे प्रमुख सदस्य-सचिव. अर्ज आला की उपविभागाच्या पोलीस अधिकाऱ्यानं 'धोका विश्लेषण अहवाल' द्यायचा, पाच कामाच्या दिवसांत. त्यात धोक्याच्या अ, ब, क अशा श्रेणी. संरक्षण एका वेळी तीन महिन्यांपर्यंत.

अर्जात एक रकाना असतो, कोणतं संरक्षण हवं. मी योजनेतली यादी भाऊंना एकेक करून वाचून दाखवली. घरात सीसीटीव्ही. त्यांच्या घरी मीटर नाही, सोलरचा एक दिवा आहे. मोबाइल नंबर बदलून देणे. नेटवर्कसाठी डोंगरीवर चढावं लागतं, आणि तिथं कोण चढलंय ते अख्ख्या गावाला दिसतं. मजबूत दरवाजे. कुडाच्या भिंतीला? भाऊ हसायला लागले, मीही. सासूबाई आतून विचारत होत्या, झालं काय.

मग आलं, निकट संरक्षण. म्हणजे गनमॅन. भाऊंचं हसू थांबलं.

"बंदूकवाला नको जी."

का, म्हटलं. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग जे सांगितलं ते मी जमेल तसं माझ्या मराठीत मांडते. माझ्या मागे पोलीस चालला तर गाव माझ्याशी बोलणं बंद करेल. आमच्याकडे 'खबरी' या शब्दानं माणसं मेलीत. ते जंगलवाले, म्हणजे नक्षलवादी, आता उरले नाहीत फारसे, पण शब्द उरलाय. आणि मागे पोलीस नसला तर दुसरे म्हणतील, हा पोलिसांना टाळतो, म्हणजे आतल्यांचा असेल. त्यांच्याविषयी तसा मजकूर व्हॉट्सॲपवर फिरलाही होता, फोटोसकट. "इकडून गेलो तरी मेलो, तिकडून गेलो तरी."

हे मला माहीत नव्हतं असं नाही. वर्तमानपत्रात वाचलेलं होतं. पण अर्जाच्या रकान्यात काय भरायचं हा प्रश्न समोर आला तेव्हा त्याचं वजन कळलं. रकान्यात आम्ही लिहिलं: गावात गस्त नको, बाजाराच्या दिवशी बाजारात हवी. कोर्टाच्या तारखेला ने-आण हवी. रात्री उचलला जाईल असा एका अधिकाऱ्याचा नंबर हवा. आणि चौकशीला बोलवायचं तर लेखी, कलम लिहून. शेवटचं अशासाठी की त्यांना पूर्वी अर्ध्या कागदाची चिठ्ठी आली होती, ना शिक्का, ना कलम, नुसतं 'चौकशीकामी हजर राहावे'. त्या चिठ्ठीवर ते दिवसभर एका ओसरीत बसून आले होते, कुणी काही विचारलं नाही.

अर्ज गडचिरोलीत दाखल झाला. पाच दिवस झाले, दहा झाले, वीस झाले. भाऊ माझ्याकडेच. दुपारी सासूबाईंसोबत आंबाडी निवडायचे, संध्याकाळी गच्चीवर जाऊन उभे राहायचे. एकदा व्हरायटी चौकाकडून येताना झिरो माइलजवळच्या स्मारकापाशी थांबले. गोवारी कोण, विचारलं. सांगितलं, गुरं राखणारा समाज, २३ नोव्हेंबर १९९४ ला त्यांचा विधानसभेवर मोर्चा आला होता, चेंगराचेंगरीत ११४ माणसं गेली, बायका आणि मुलं जास्त. त्यांनी हात जोडले, मग विचारलं, "मांगाले आले होते ना?" हो. "नागपूरले मांगाले याचं म्हंजे..." वाक्य सोडून दिलं.

त्याच सप्टेंबरात ग्लोबल विटनेस या संस्थेचा अहवाल आला. २०२३ मध्ये जगभरात जमीन आणि जंगल राखणारे १९६ जण मारले गेले, त्यातले ७९ एकट्या कोलंबियात. मी रात्री फोनवर वाचत बसले. होंडुरासच्या बेर्ता कासेरेसचं वाचलं. लेंका आदिवासींच्या नदीवरच्या धरणाविरुद्ध उभी राहिलेली बाई. २००९ पासून तिच्यासाठी आंतर-अमेरिकी मानवाधिकार आयोगाचे संरक्षणाचे आदेश होते. २ मार्च २०१६ ला घरात घुसून मारलं. भाऊंच्या पाकिटातला चार घड्यांचा कागद आठवला. त्यांना काही सांगितलं नाही.

शेवटी अहवाल आला. मॅडमनी फोनवर वाचून दाखवला आणि मला वाटलं त्या गंमत करताहेत. 'अर्जदार सध्या गावात वास्तव्यास नसल्याने त्यांच्या जीवितास धोका संभवत नाही.' धोका आहे म्हणून माणूस पळाला, आणि पळाला म्हणून धोका नाही. कोणत्या कार्यालयाचं हे लिखाण ते सांगत नाही. भाऊ शांत होते. म्हणाले, ग्रामसभेले विचारतो.

मला रागच आला. इथं कायद्याचं काम चाललंय, ग्रामसभा काय सांगणार? तरी त्यांनी निरोप धाडला. पर्लकोटा नदी फुगली की भामरागड तुटतं हे बातम्यांत येतं, लहान नाले फुगले की तुटणारी गावं बातम्यांत येत नाहीत. निरोपाचं उत्तर यायला आठ दिवस लागले. उत्तर असं: गोटुलापाशी, म्हणजे गावाच्या बैठकीच्या घरापाशी, बसलो होतो. सचिव एकटा का साक्षीदार? खोट्या ठरावावर नावं आमचीही आहेत. आम्ही कुणी सही केली नाही, मग साक्षीदार आम्ही सगळेच. त्याला एकट्याला सरकारनं सांभाळायचं तर बंदूक लागते. आम्ही सगळे असलो तर कुणाकुणाला तंबाखू मागतील?

मॅडमनी निरोप दोनदा सांगायला लावला. मग तक्त्याकडे न बघता म्हणाल्या, बरोबर आहे. कायद्यात साक्षीदार कोण, तर ज्याला गुन्ह्याची माहिती आहे तो. संख्येला मर्यादा कुठे आहे?

त्यांनी अठरा नावं ठरवली, दहा बाया, आठ पुरुष. पाऊस ओसरल्यावर मी आणि मॅडमचा ज्युनियर तालुक्याच्या गावी गेलो, ते सगळे ट्रॅक्टरमधून आले. जबाब, अर्ज, आधारची झेरॉक्स, अंगठे. ती वळणदार सहीवाली म्हातारी सगळ्यात पुढे. शाईचं पॅड तिच्यापुढे धरलं तर तिनं अंगठा आधी पदराला पुसला, मग शाईत बुडवला, मग माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाली. मला कळलं नाही. शेजारच्या पोरीनं सांगितलं, आजी म्हणते, सही शिकले असं यांना सांगितलं कोणी?

एकोणीस अर्ज एकदम टेबलावर आल्यावर तिथल्या बाबूचा चेहरा बघण्यासारखा होता. प्रत्येकाला वेगळा अहवाल लागणार, म्हणजे साहेबांना गावात जावं लागणार. आणि ते गेले. हेही सांगायला हवं, कारण एरवी आपण तेवढं सांगत नाही. एक तरुण अधिकारी नाला ओलांडून पायी गेला, दिवसभर बसला, दोघी-तिघींचं त्यानं माडियातून दुभाषा घेऊन ऐकलं. दुसऱ्या अहवालात धोका 'आहे' असं आलं. आम्ही मागितलं त्यातलं बरंचसं मिळालं. बाजारात गस्त, तारखेला गाडी, एक नंबर. चिठ्ठ्या बंद झाल्या, बोलावणं येतं ते कलम लिहून येतं.

गावानंही आपल्या बाजूनं काही केलं. ठरावबुक आता एका पेटीत राहत नाही, दर महिन्याला घर बदलतं. व्यवहाराला तीन सह्या लागतात. तहसीलला कुणी एकटं जात नाही. हे कुठल्या योजनेत नाही.

भाऊ गेले त्याच्या आदल्या दिवशीची गोष्ट. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक मोटारसायकल दोन संध्याकाळी उभी दिसली. हेल्मेट न काढता बसलेला माणूस. कुणाची वाट बघत असेल, काहीही असेल. मी पडदा ओढला. भाऊंनी ते पाहिलं.

"ताई, तुमची ग्रामसभा कुठं हाय?"

म्हटलं, आमच्याकडे सोसायटीची मीटिंग होते वर्षातून एकदा. पाण्याच्या टाकीवरून भांडतात आणि कोरम भरत नाही.

"मग तुमच्यासंगं तालुक्याले कोन जाते?"

मी चहा ठेवायला उठले. ते गेल्यावर दोन दिवसांनी खालच्या मजल्यावरच्या बाईंना मी पहिल्यांदा माझा नंबर दिला, त्यांचा घेतला. त्यांनी विचारलं, काही झालंय का? म्हटलं, नाही, असाच.

तीन महिने बघता बघता संपतात. मुदतवाढीचा अर्ज पुन्हा एकोणीस प्रतींत द्यायचा होता, प्रत्येकाला सोळा पानं. झेरॉक्सवाला दोन रुपये पान घेतो. मी घासाघीस केली तर म्हणाला, मॅडम, एवढं काय असते तुमच्या केसमधे? म्हटलं, एका आजीचा अंगठा आहे, नीट उमटू दे.